खेळाचं विचारा : नेव्रिये यिल्माझ आणि रिंगखालचा खेळ

गेल्या अंकात तुर्कस्तानची निवृत्त बास्केटबॉलपटू नेव्रिये यिल्माझ हिच्यावर चार ओळींची चौकट छापली होती. जन्म 1980, उंची 194 सेंटीमीटर, जागा सेंटर (रिंगखाली खेळणारी उंच खेळाडू), अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळलेली पहिली तुर्की महिला. एवढ्याशा मजकुरावर अलिबागपासून मालवणपर्यंतची पत्रं आली. काही तिच्याबद्दल विचारणारी, काही तिच्या निमित्तानं आपल्या मैदानाचं, गुडघ्याचं आणि रंगाच्या डब्याचं विचारणारी. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

प्रश्न : चौकटीत कारकिर्दीबद्दल काहीच नव्हतं. ती कुठे कुठे खेळली, काय जिंकली, ते क्रमानं सांगाल का? — महाविद्यालयीन खेळाडू, दापोली

तिचा जन्म बल्गेरियातल्या प्लोव्दिवचा, पण खेळ घडला तो तुर्कस्तानात. तिथे बास्केटबॉल शाळा-कॉलेजांपेक्षा क्लबांच्या जिवावर चालतो. फेनरबाहचे, गालातासराय, बेशिक्ताश ही नावं आपल्याकडे फुटबॉलमुळे ठाऊक असतात. पण हे बहुखेळी क्लब आहेत. एकाच क्लबात फुटबॉल, व्हॉलीबॉल, बास्केटबॉल असे विभाग आणि प्रत्येकाचे वयोगटांनुसार संघ. महिलांची राष्ट्रीय लीग 1980 पासून चालू आहे.

2003 मध्ये ती डब्ल्यूएनबीएत फिनिक्स मर्क्युरीकडे गेली आणि 2004 मध्ये सॅन अँटोनिओ सिल्व्हर स्टार्सकडे. दोन्हीकडे तिला फारसं मैदानावर उतरायला मिळालं नाही. युरोपातून जाणाऱ्या सेंटरची तिथे नेहमीच अडचण होते. जागा मोजक्या आणि समोर अमेरिकन कॉलेजांतून चार वर्षं तावून सुलाखून आलेल्या खेळाडू. पण हे अपयश मानायचं कारण नाही. डब्ल्यूएनबीएचा हंगाम उन्हाळ्यात असतो, युरोपचा साधारण ऑक्टोबर ते एप्रिल-मे. त्यामुळे क्लब न सोडता अमेरिकेत दोन उन्हाळे काढता येतात.

तिचं खरं काम फेनरबाहचेत झालं. 2006 ते 2013 अशी सलग आठ वर्षं या क्लबानं तुर्की लीग जिंकली आणि त्यातली बरीच वर्षं नेव्रिये त्या संघाच्या रिंगखाली उभी होती. याच काळात तुर्की क्लबांकडे पैसा आला आणि त्यांनी डब्ल्यूएनबीएतली मोठी नावं आणायला सुरुवात केली. डायना टॉरासी, पेनी टेलर, एंजल मॅककॉट्री या सगळ्या फेनरबाहचेकडून खेळल्या. बाहेरच्यांना आणलं की घरच्या मुली बाकावर बसतात, ही तक्रार तिथेही झाली. ती अगदीच खोटी नाही. मात्र रोजच्या सरावात अशा खेळाडूंना अडवायचं म्हटलं की घरची सेंटर काही महिन्यांत सुधारते, हेही तितकंच खरं. हे पुढे राष्ट्रीय संघात दिसलं.

तुर्कस्ताननं 2005 ची युरोबास्केट (युरोपातल्या राष्ट्रीय संघांची स्पर्धा) आपल्याकडे भरवली तेव्हा त्यांच्या महिला या स्पर्धेत पहिल्यांदा उतरल्या आणि आठव्या आल्या. सहा वर्षांनी, 2011 मध्ये पोलंडला, त्या थेट अंतिम सामन्यात होत्या. उपांत्य फेरीत फ्रान्सला हरवलं आणि वुच शहरातल्या अंतिम सामन्यात रशियाकडून 42-59 अशा हरल्या. नेव्रियेची स्पर्धेच्या सर्वोत्तम पाचांत निवड झाली. 2012 ला लंडनमध्ये पहिलं ऑलिंपिक. गटातल्या पाचपैकी चार लढती जिंकल्या, हरल्या त्या एकट्या अमेरिकेकडून. उपांत्यपूर्व सामन्यात पुन्हा रशिया, आणि 63-66. 2013 ला फ्रान्समधल्या युरोबास्केटला सर्बियावर 92-71 अशी मात करून कांस्य. 2014 ला विश्वचषक अंकारा-इस्तंबूललाच होता. उपांत्यपूर्व सामन्यात सर्बियाला 62-61 असं एका गुणानं हरवलं, पुढे स्पेनकडून 56-66, कांस्याच्या लढतीत ऑस्ट्रेलियाकडून 44-74, म्हणून चौथा क्रमांक. 2016 ला रिओत स्पेनविरुद्धचा उपांत्यपूर्व सामना 62-62 असा अडला होता. आना क्रूझनं शेवटच्या क्षणी टाकलेला चेंडू आत गेला आणि तुर्कस्तान घरी. तेव्हा नेव्रिये छत्तीस वर्षांची होती.

छत्तीस या आकड्यापाशी जरा थांबा. ऑक्टोबर ते मे क्लब, जूनमध्ये राष्ट्रीय शिबिर आणि स्पर्धा, पुन्हा सप्टेंबरला क्लबची तयारी. सेंटरच्या जागेवर हे चक्र दीड दशक निभावणं ही पदकांपेक्षा दुर्मीळ गोष्ट आहे. त्या जागेवर प्रत्येक चेंडूला कोणीतरी पाठीत रेटत असतं.

प्रश्न : ऑलिंपिक पदक नाही, युरोपचं सुवर्ण नाही. मग एवढं कौतुक कशाला? — एक वाचक, मालवण

कारण 2005 च्या आधी तुर्की महिला युरोबास्केटला कधी उतरल्याच नव्हत्या. त्यानंतर सहा वर्षांत अंतिम सामना आणि नऊ वर्षांत जगात चौथा क्रमांक. या सगळ्याच्या मध्यभागी जी पिढी होती, नेव्रिये, बिरसेल वार्दारली, इशिल आल्बेन, तिच्यावर लिहायचं नाही तर कोणावर? एप्रिल 2014 मध्ये महिला युरोलीगचा, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेचा, अंतिम सामना दोन तुर्की क्लबांतच झाला आणि गालातासरायनं फेनरबाहचेला 69-58 असं हरवलं. फेनरबाहचेनं पुढे 2023 आणि 2024 असा दोनदा तो करंडक जिंकला. सुवर्णच हवं असेल तर तेही घ्या!

प्रश्न : आमच्या शाळेच्या मैदानावर रिंगखालचा रंगवलेला भाग खाली रुंद आणि वर अरुंद आहे. टीव्हीवर तो सरळ आयत दिसतो. मधल्या काळात काय काय बदललं आणि पावसाळ्यानंतर पुन्हा रंगवायचं तर मापं काय घ्यावीत? — क्रीडाशिक्षक, रत्नागिरी

सर, तुमचं मैदान 2010 च्या आधीचं आहे. नेव्रियेच्या पिढीनं हे सगळे बदल खेळता खेळता पचवले, म्हणून आधी ते सांगतो.

2000 मध्ये फिबानं (बास्केटबॉलच्या जागतिक महासंघानं) वीस-वीस मिनिटांचे दोन भाग बंद करून दहा-दहा मिनिटांचे चार केले. चढाईची मुदत 30 सेकंदांवरून 24 वर आणि अर्धं मैदान ओलांडायची मुदत 10 वरून 8 सेकंदांवर आली. 2004 मध्ये महिलांसाठी सहा नंबरचा चेंडू आला. त्याआधी त्या पुरुषांच्याच सात नंबरनं खेळायच्या. 2010 मध्ये समलंब चौकोन जाऊन आयत आला, तीन गुणांची रेषा 6.25 वरून 6.75 मीटरवर सरकली आणि रिंगखाली छोटं अर्धवर्तुळ आलं. सेंटरवर यातला सर्वांत मोठा परिणाम आयताचा. जुना भाग एंडलाइनवर (रिंगमागच्या टोकाच्या रेषेवर) 6 मीटर रुंद होता, नवा 4.9 मीटर. म्हणजे तीन सेकंदांच्या नियमात (चढाई करताना या भागात सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही) न अडकता दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर रिंगच्या जवळ उभं राहता येतं. तुमच्या मुली जुन्या चौकटीवर सराव करून विभागीय स्पर्धेला गेल्या की अर्धा मीटर लांब उभ्या राहणार आणि शॉट आखूड पडणार.

आता मापं. मैदान 28 × 15 मीटर, रेषांच्या आतल्या कडेपासून मोजायचं. रेषांची रुंदी 5 सेंटीमीटर. काटकोन नीट आहे का हे पाहायला कर्ण मोजा. पूर्ण मैदानाचे दोन्ही कर्ण 31.76 मीटर आले पाहिजेत, अर्ध्या मैदानाचे 20.52. दोन कर्णांत 3-4 सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर रंग उघडू नका, दोरी पुन्हा ताणा.

एंडलाइनचा मध्य काढा. तिथून दोन्हीकडे 2.45 मीटरवर आयताच्या बाजूंची बाहेरची कड. फ्री थ्रो रेषेची लांबची कड एंडलाइनच्या आतल्या कडेपासून 5.80 मीटरवर आणि रेषेची लांबी 3.60 मीटर. बोर्डाचा दर्शनी भाग एंडलाइनपासून 1.20 मीटर आत असतो, म्हणून फ्री थ्रोचं बोर्डापासूनचं अंतर 4.60 मीटर भरतं. शाळांमधून खांब बहुधा एंडलाइनला चिकटवून बसवलेला असतो आणि बोर्ड पुरेसा पुढे येत नाही. अशा वेळी एंडलाइनवरून मापं घेतली की सगळंच चुकतं. आधी रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करा. तो बिंदू एंडलाइनपासून 1.575 मीटरवर यायला हवा. येत नसेल आणि खांब हलवणं शक्य नसेल, तर बोर्डाखाली ओळंबा धरून तिथून 1.20 मीटर मागे नवी एंडलाइन आखा.

त्याच बिंदूवर खिळा ठोकून 6.75 मीटरची दोरी लावा आणि कमान काढा. हे माप रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं. साइडलाइनच्या आतल्या कडेपासून 90 सेंटीमीटर आत दोन्हीकडे सरळ रेषा येतात आणि त्या एंडलाइनपासून 2.99 मीटरवर कमानीला मिळतात. सुती दोरी ताणली की वाढते आणि कमान वेडीवाकडी येते. तार किंवा पोलादी टेप वापरा. रिंगखालचं अर्धवर्तुळ 1.25 मीटर त्रिज्येचं, तेही त्याच खिळ्यावरून, आतल्या कडेपर्यंत मोजून.

रंगाची घाई दसऱ्याला करू नका. आपल्याकडे वरून कोरडं दिसणारं काँक्रीट आत ओलं असतं. त्यावर रंग चढवला की महिन्याभरात फोड येतात आणि पापुद्रे निघतात. आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं शेवाळ मारा, तारेच्या ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि चांगलं ऊन असलेले आठ-दहा दिवस जाऊ द्या. मग प्लास्टिकचा हातभर तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं जमिनीला बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला दव दिसलं तर आणखी थांबा. जुना समलंब चौकोन खरवडून काढा किंवा मैदानाच्या रंगानं झाका. दोन्ही रेषा ठेवल्या तर पंच आणि मुली दोघांचाही गोंधळ होतो.

प्रश्न : मी सेंटर खेळते. वय 16, उंची 172. रिंगच्या जवळ पास मिळतो, पण वळले की ट्रॅव्हलिंग (चेंडू हातात धरून पाय हलवल्याचा दोष) दिलं जातं नाहीतर मागची मुलगी चेंडू उडवते. उंच मुलींसमोर काय करू? — खेळाडू, चिपळूण

तुझा प्रश्न मोठ्या सेंटरनाही पडतो. 2011 च्या अंतिम सामन्यात 194 सेंटीमीटरच्या नेव्रियेसमोर रशियाची 202 सेंटीमीटरची मारिया स्तेपानोव्हा होती. उंचीतला असा फरक हातांनी भरून निघत नाही, तो पायांनी आणि कमरेनं भरून काढावा लागतो.

पास येण्याआधीचं काम आधी सुधार. रिंगकडे तोंड करून पाहिलं तर उजवीकडे, आयताच्या कडेवर जो ब्लॉक (रंगवलेली छोटी पट्टी) असतो त्याच्या एक पाऊल वर उभी राहा. पाठ रिंगकडे, तोंड उजव्या साइडलाइनकडे. म्हणजे एंडलाइन तुझ्या डाव्या हाताला. पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकलेले, गुडघे वाकलेले, कंबर मागच्या मुलीच्या मांडीला टेकलेली. पाठीनं तिला रेटू नकोस. ती बाजूला झाली की तू मागे पडतेस. मांडीला टेकलेल्या कमरेवरून ती कुठल्या बाजूला झुकली आहे ते न बघता कळतं. एक हात पुढे, पंजा उघडा, पास देणारीला नेमकी जागा दाखवणारा.

चेंडू दोन्ही पायांवर एकाच वेळी उतरत घे. असं केलंस तर कुठलाही पाय पिव्हट (जमिनीवर रोवून ज्यावर वळायचं तो पाय) करता येतो. एकामागून एक पाय टेकलास तर पहिला टेकलेला पाय पिव्हट ठरतो आणि मग तो उचललास की शिट्टी. तुझं ट्रॅव्हलिंग बहुधा इथेच होत असणार. चेंडू हनुवटीखाली, कोपर बाहेर. एक क्षण थांब. हा क्षण बहुतेक जणी देत नाहीत.

ती मधल्या बाजूला झुकली असेल तर एंडलाइनकडून ड्रॉप स्टेप घे. उजवा पाय पिव्हट. डावा पाय मागे, तिच्या पायाच्या पलीकडे, बोट रिंगकडे वळवून टाक. त्याच वेळी दोन्ही हातांनी चेंडू पायांच्या मधे एकदाच जोरात आपट. उजवा पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलेला असला पाहिजे. ट्रॅव्हलिंगची दुसरी खोड इथे आहे. मग दोन्ही पाय एकत्र टेकव, खांदे बोर्डाला समांतर, आणि दोन्ही पायांवरून उडी. संपवताना उजवा हात. तो एंडलाइनच्या बाजूचा असतो आणि मागची मुलगी डाव्या बाजूला राहते. चेंडू बोर्डावर काढलेल्या छोट्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याशी लाव.

ती एंडलाइनच्या बाजूला झुकली असेल तर उलट कर. डावा पाय पिव्हट, उजवा पाय मधे, एक ड्रिबल आणि डाव्या हातानं छोटा हुक (हात बाजूनं डोक्यावरून फिरवून टाकलेला शॉट). डावा हात नाही म्हणून हे सोडू नकोस. एकच बाजू येणारी सेंटर दुसऱ्या सामन्यापासून सगळ्यांना कळते.

चेंडू उडवला जातो याचं कारण उंची कमी, हातांची चूक जास्त. वळताना चेंडू कमरेपर्यंत खाली जातो आणि पुन्हा वर यायला वेळ लागतो. तेवढ्यात समोरची उडालेली असते. दुसरं कारण, एका पायावर उडी. त्यानं उंची मिळते पण धक्का लागला की शरीर फिरतं. तिसरं, रिंगखाली फार आत जाणं. बोर्डाच्या अगदी मागच्या कोनातून चेंडू लावायला जागाच उरत नाही.

उंच मुलगी प्रत्येक वेळी उडी मारत असेल तर शॉट मारल्याचं फक्त दाखव. डोळे आणि चेंडू कपाळापर्यंत न्यायचे, गुडघे मात्र वाकलेलेच ठेवायचे. गुडघे सरळ केलेस तर हुलकावणीनंतर उडीसाठी पुन्हा वाकावं लागतं आणि तोवर ती परत येते. ती वर गेली की पिव्हट न हलवता दुसरा पाय तिच्या पलीकडे टाकून खालून वर.

यासाठी रोज वीस मिनिटं पुरतात. रिंगखाली उभी राहून एकदा उजव्या, एकदा डाव्या हातानं सलग ले-अप (रिंगजवळून बोर्डाला लावून टाकलेला चेंडू), चेंडू खांद्याखाली न आणता. वीस आत गेल्याशिवाय थांबायचं नाही, असे दोन फेरे. मग चेंडू न घेता ड्रॉप स्टेप प्रत्येक बाजूला दहा, नंतर चेंडूसह दहा. शेवटी दमलेल्या अवस्थेत दहा फ्री थ्रो, कारण सेंटरला फाउल मिळतात ते दमल्यावरच. आणि आठवड्यातून दोनदा फ्री थ्रोच्या रेषेवरून साधा उडी-शॉट. तो येऊ लागला की उंच मुलीला रिंग सोडून तुझ्याकडे बाहेर यावं लागतं. मग आत जागा मोकळी होते.

प्रश्न : आमच्या नातीक चौदावा वर्स लागला, उंची पाच फूट नऊ इंच. सगळे म्हणतत बास्केटबॉलात घाल. आता उशीर झालो काय? — आजोबा, कुडाळ

आजोबा, मुळीच उशीर झालेला नाही. पण उंची बघून तिला लगेच रिंगखाली खांबासारखी उभी करू नका. पहिले तीन महिने आठवड्याला चार दिवस, दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. त्यात दोन्ही हातांनी ड्रिबल, धावता धावता पास घेणं, एक-एक मिनिटाच्या पाच फेऱ्या दोरीवरच्या उड्या. झपाट्यानं वाढणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर दुखतं. दाबल्यावर तिथे दुखत असेल तर उड्या कमी करायच्या आणि डॉक्टरांना दाखवायचं. तेल चोळून खेळवायचं नाही. ती पुढे सहा फुटांच्या वर गेली तरी ड्रिबल येणारी सेंटर कोणत्याही संघाला हवी असते.

प्रश्न : मुलगी उडी मारून खाली आली आणि गुडघा आत वळला. एसीएल (गुडघ्याच्या आतला अस्थिबंध) तुटलं म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर ती खेळू शकेल का? आणि बाकीच्या मुलींना हे कसं टाळता येईल? — पालक, अलिबाग

खेळू शकेल, पण घाईनं नाही. शस्त्रक्रियेनंतर सामन्यात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष लागतं. दिवस मोजण्यापेक्षा दोन्ही पाय मोजा. दुखऱ्या पायाची ताकद आणि एका पायावरची लांब उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के आल्याशिवाय फिजिओथेरपिस्ट सहसा सोडत नाहीत, आणि सोडूही नये. स्पर्धा जवळ आली म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात उतरवलेल्या मुलींचा तोच गुडघा किंवा दुसरा जाण्याचा धोका बराच वाढतो.

ही दुखापत मुलींत मुलांपेक्षा जास्त होते आणि बहुतेकदा कोणाचा धक्का न लागता होते. उतरताना गुडघे आत येतात, पाय सरळ राहतात आणि वजन एका पायावर पडतं. उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. आठवड्यातून तीनदा, सरावाच्या आधी पंधरा मिनिटं हे करायचं. 20-30 सेंटीमीटरच्या पायरीवरून उतरून तीन सेकंद स्थिर राहणं, पाच वेळा, तीन फेऱ्या. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का हे समोरून दुसरीनं बघायचं. मग एका पायावर तेच. गुडघ्यांवर बसून, जोडीदारानं घोटे धरलेले असताना हळूहळू पुढे झुकणं, तीन ते पाच वेळा. कुशीवरचा प्लँक (कोपर आणि पायावर अंग सरळ तोलून धरणं) प्रत्येक बाजूला वीस सेकंद. पहिल्या महिन्यात दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, ते चालेल. गुडघ्यात दुखलं तर नाही.

मैदानाचंही पाहा. जांभ्याची तांबडी धूळ सिमेंटच्या मैदानावर पसरली की बूट आधी घसरतो आणि मग अचानक पकडतो. सामन्याआधी झाडू मारणं हे वॉर्मअपइतकंच गरजेचं.

प्रश्न : भारतातून अशी कारकीर्द कोणी केली आहे का? कोकणातल्या मुलीनं सुरुवात कुठून करावी? — शिक्षिका, गुहागर

बाई, सर्वांत जवळचं नाव केरळच्या गीतू अन्ना जोस हिचं. तीही सेंटर. ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून ती खेळली आणि 2011 मध्ये डब्ल्यूएनबीएच्या तीन संघांनी तिची चाचणी घेतली. त्यात सॅन अँटोनिओ सिल्व्हर स्टार्सही होता, म्हणजे नेव्रियेचाच जुना संघ. निवड झाली नाही. 2014 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. फरक गुणवत्तेपेक्षा रोजच्या सामन्यांचा आहे. नेव्रियेला दर आठवड्याला लीग आणि युरोपची लढत होती. आपल्याकडे चांगली खेळाडू रेल्वेत लागते आणि वर्षातून मोजक्या स्पर्धा खेळते.

सुरुवात शालेय स्पर्धांपासून. 14, 17 आणि 19 वर्षांखालील गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढती वाट. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग क्रीडा विभागाच्या दृष्टीनं कोल्हापूरला जोडलेले आहेत, रायगड मुंबईला. नोंदणीचं पत्रक जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून शाळेला येतं. ते मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडून राहिलं की वर्ष गेलं, म्हणून जुलैपासूनच चौकशी करत राहा. जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधली तारीख एकच आहे का ते आधी तपासा. जिल्ह्याच्या ठिकाणाहून परत पाठवलेल्या मुलींत खेळात कमी पडलेल्या कमी आणि कागदात अडकलेल्या जास्त असतात. दुसरी वाट जिल्हा आणि राज्य बास्केटबॉल संघटनांच्या निवड चाचण्यांची. भारतीय महासंघाच्या वयोगटांच्या राष्ट्रीय स्पर्धांना राज्याचा संघ तिथूनच जातो. प्रमाणपत्रं जपून ठेवा. दहावी-बारावीच्या क्रीडागुणांना आणि पुढे सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाला ती लागतात. कोणत्या पातळीचं प्रमाणपत्र चालतं याचे नियम बदलत राहतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय पाहूनच अर्ज करा.

प्रश्न : खाऱ्या वाऱ्यानं रिंगा दोन वर्षांत सडतात आणि चेंडू लवकर गुळगुळीत होतात. काही उपाय? — क्रीडामंडळ, देवगड

रंगवलेली साधी लोखंडी रिंग घेऊ नका, गरम जस्ताच्या मुलाम्याची घ्या. मुलामा वेल्डिंग झाल्यानंतर दिलेला हवा, नाहीतर सांध्यापासूनच गंज सुरू होतो. सळी 16 ते 20 मिलिमीटर जाडीची. नटबोल्ट 316 दर्जाच्या स्टेनलेसचे. 304 समुद्राजवळ डागाळतात. जस्ताची रिंग आणि स्टेनलेसचे बोल्ट यांच्यामध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर खाऱ्या ओलाव्यात जस्त लवकर झिजतं. जाळी नायलॉनची, लोखंडी साखळीची नको. ती रिंगेचा मुलामा घासून काढते. मे अखेरीस बोल्ट उघडून ग्रीस लावा आणि दर पंधरवड्याला गोड्या पाण्यानं रिंग धुवा.

चेंडू उघड्या मैदानावर रबरी, सहा नंबर, 510 ते 550 ग्रॅमचा. चामड्याचा किंवा कंपोझिटचा चेंडू सिमेंटवर एका हंगामात जातो आणि ओला झाला की जड होतो. हवा तपासायला 1.80 मीटरवरून सोडा. उसळल्यावर चेंडूचा वरचा भाग 1.20 ते 1.40 मीटरच्या मध्ये यावा. त्याहून जास्त उसळत असेल तर हवा काढा. फार फुगलेला चेंडू लहान मुलींच्या बोटांचे सांधे दुखावतो आणि दोष मात्र मुलींच्या पकडीला दिला जातो.